वेळेअभावी

आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर माईक लागतो. पुण्याच्या पाहुण्यांना याचं फार नवल वाटतं. त्यांच्याकडे दशक्रिया म्हणजे घरचे आठ-दहा जण, एक भटजी आणि तासाभरात सगळे मोकळे. आमच्याकडे मांडव असतो, खुर्च्यांच्या रांगा असतात, महाराजांचं प्रवचन असतं आणि त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणं. आमदारापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे येतात. निवडणूक जवळ आली की जरा जास्तच येतात. गेलेल्या माणसाला त्यांनी कधी पाहिलेलं असतंच असं नाही, पण समोर बसलेल्या लोकांनी त्यांना पाहिलेलं बरं असतं.

या माईकवर गेली वीस-बावीस वर्षं मी आहे. खुटबावजवळच्या आमच्या गावात मी हायस्कूलला मराठी शिकवतो, आवाज भरदार आहे आणि कुणाच्या नावापुढं काय लावायचं हे मला कळतं. एवढ्या भांडवलावर यवतपासून भीमेपलीकडं शिरूर तालुक्यातल्या गावांपर्यंत माझं नाव झालं. कुणाच्या घरी कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी मला फोन येतो, "गुरुजी, बुधवारी मोकळं हाय का?" मोकळा नसलो तरी मी मोकळा होतो.

लोकांना वाटतं माझं काम बोलायचं आहे. खरं काम क्रम लावायचं. ज्यांना बोलायचं असतं त्यांच्या चिठ्ठ्या हातोहात पुढं येतात आणि मी त्या पत्त्यांसारख्या लावत उभा असतो. कारखान्याचे संचालक आधी की जिल्हा परिषदेचे माजी सदस्य आधी, दोन गटांचे दोन पुढारी आले असतील तर शेवटचं भाषण कुणाला द्यायचं, 'युवा नेते' कुणाला म्हणायचं आणि कुणाला म्हटलं तर मांडव हसेल, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि ज्याला बोलू द्यायचं नाही त्याच्यासाठी माझ्याकडे एक ठेवणीतला शब्द होता. वेळेअभावी. 'वेळेअभावी सर्वांना बोलता येणार नाही, तरी सर्वांच्या भावना परिवारापर्यंत पोचल्या आहेत.' एवढं म्हणून मी चिठ्ठी फाइलीत सारायचो. दशक्रियेला भांडण करणं शोभत नाही, त्यामुळे कुणी काही बोलायचं नाही. या शब्दाचा मला अभिमान होता.

माझी आई गेली ती दोन वर्षांपूर्वी, कांद्याच्या लागणी चालू होत्या तेव्हा. वय झालं होतं, फार हाल न होता गेली. दहाव्याच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "उद्या तरी माईक दुसऱ्याच्या हातात द्या. तुमची आई हाय ती." मी म्हणालो, दुसरा कोणी घोळ घालील. घोळाची भीती होतीच, पण खरं कारण ते नव्हतं. माझ्या आईच्या दशक्रियेला किती गर्दी झाली आणि कोण कोण आलं, हे मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याचा चकोट केलेला, ओलं धोतर नेसलेला मी, पिंड ठेवून झाल्याझाल्या पायऱ्या चढून वर आलो आणि माईक हातात घेतला. असा माणूस मी दुसरीकडे पाहिला असता तर घरी येऊन बायकोला हसत सांगितलं असतं.

आधी मी आईबद्दल बोललो. ते भाषण माझं तयारच होतं. काही वर्षांपूर्वी तालुक्याला मला आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ते पहिल्यांदा केलं होतं आणि पुढं जागा बघून करत आलो होतो. 'माझी माउली निरक्षर होती, पण तिनं मला अक्षर दिलं.' या वाक्यानंतर थोडं थांबायचं असतं. मग मी गोळ्यांची गोष्ट सांगितली. आईला दोन गोळ्या होत्या, एक रक्तदाबाची, एक साखरेची. तिला वाचता येत नाही म्हणून मी औषधाच्या पाकिटांना दोरे बांधून द्यायचो. लाल दोरा म्हणजे सकाळी, काळा दोरा म्हणजे जेवणाआधी. मी बांधलेल्या दोऱ्यांवर तिची शेवटची दहा वर्षं गेली, असं मी म्हणालो आणि बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू आले. शेवटी थोडं हलकं करावं म्हणून सांगितलं, की आई महिलांच्या जागेवर पाच वर्षं ग्रामपंचायतीची सदस्य होती, पण आमची ही मेंबर शेवटपर्यंत अंगठाबहाद्दरच राहिली. लोक मायेनं हसले. मला बरं वाटलं.

तेवढ्यात मागून एक चिठ्ठी आली. वहीचं पान, चार घड्या घातलेलं. त्यावर एका बाईचं नाव आणि खाली लिहिलेलं, 'बाईंविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. दोनच.'

मी मान वर केली. मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी ती उभी होती. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती आहे, तिथली. पस्तीस वर्षं आमच्या शेतात आली. आई काही बांधावर उभी राहून काम सांगणारी नव्हती, स्वतः खुरपं घेऊन बसायची, आणि तिच्या शेजारच्या सरीत कायम ही असायची. माझ्यापेक्षा वीस-एक वर्षांनी मोठी. तरी लहानपणापासून मी तिला नावानं हाक मारत होतो, 'अगं' आणि 'तू' करून. घरात सगळेच मारायचे. ती मला आधी 'दादा' म्हणायची आणि मला नोकरी लागल्यावर 'गुरुजी, तुम्ही'. यात काही वावगं आहे असं माझ्या कधी मनात आलं नाही. इतरांची व्याकरणं तपासणाऱ्या माणसाच्या मनात आलं नाही.

आता माझी अडचण अशी झाली, की तिला बोलावू कसं? माईकवर माणसाला पद लागतं. 'आमच्या शेतातल्या मजूर' म्हणावं तर बरं दिसेना. 'आमच्या घरच्याच' म्हणावं तर पस्तीस वर्षांत ती आमच्या स्वयंपाकघरात आलेली नव्हती, आणि हे समोर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. नातं खरं काय होतं, तो शब्द मला ठाऊक होता. मैत्रीण. माझ्या आईची मैत्रीण. पहिल्या रांगेत भावकीतले म्हातारे टोप्या सारखे करत बसले होते, त्यांच्यामागं माझी सासुरवाडी, बहिणींची सासरं, पाच गावचे पाहुणे. तो शब्द माझ्या गळ्यापर्यंत आला आणि मी गिळला. सकाळपासून पहिल्यांदा माझा आवाज जरासा खाली गेला.

"वेळेअभावी सर्वांना बोलता येणार नाही," मी म्हणालो.

ती हलली नाही. मी दुसरीकडे बघायला लागलो.

आता वेळेचं सांगतो. ज्या मोठ्या साहेबांसाठी शेवटचं भाषण राखून ठेवलं होतं, त्यांची गाडी अजून हायवेलाच होती. कावळा तर केव्हाच येऊन पिंडाला शिवून गेला होता. कावळा शिवला की लोक उठायला लागतात, त्यांना बसवून ठेवणं हे निवेदकाचं कसब. मी ते दाखवलं. पाऊण तास दाखवलं. एक पांढरी जीप रस्त्यात लागली होती, तिचा नंबर मी तीनदा पुकारला. कुणाचा तरी चष्मा सापडला होता, त्याची चौकशी केली. मांडववाल्याचे आभार मानले, आचाऱ्याचे मानले. महाराजांना अजून एक अभंग घ्यायला लावला, मग अजून एक. तिला दोनच शब्द बोलायचे होते. त्या पाऊण तासात तिनं आईचं अख्खं आयुष्य सांगितलं असतं तरी वेळ उरला असता.

साहेब आले. चार मिनिटं बोलले. त्यातली पहिली दोन मिनिटं ते 'आबांच्या जाण्यानं' असं म्हणत होते. माझे वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. कुणीतरी कानात सांगितल्यावर त्यांनी आबांची माउली केली आणि भाषण तसंच पुढं नेलं. मी हात जोडून त्यांच्यामागं उभा होतो. गाडीपर्यंत पोचवायलाही मीच गेलो. परत आलो तोवर पंगत बसली होती आणि खांबापाशी ती नव्हती.

महिनाभरानं बायको आईच्या मृत्यूचा दाखला शोधत होती, तेव्हा ती फाइल तिनं उघडली. सगळ्या चिठ्ठ्या चाळून एक माझ्यापुढं धरली. "ही कुणाची? अक्षर बघा की. तुमच्या दहावीच्या पोरांना दाखवा एकदा."

मी बघितलं. खरंच सुरेख अक्षर होतं, गोल, एकसारखं, ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. त्या दिवशी मी फक्त नाव वाचलं होतं. कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल असं धरून चाललो होतो. पण कुणाकडून? तिचा मुलगा रांजणगावला कंपनीत आहे. त्या दिवशी त्याची पहिली शिफ्ट होती, कंपनीची बस पहाटेच जाते, आणि येता आलं नाही म्हणून तो संध्याकाळी घरी भेटून गेला होता. म्हणजे ते अक्षर तिचं होतं. पस्तीस वर्षं आमच्या शेतात आलेल्या बाईला लिहिता येतं, हे मला माहीत नव्हतं. मी शिक्षक आहे.

त्या रविवारी मी तिच्याकडे गेलो. घर लहान, नीटनेटकं, दाराशी नळ आणि त्याखाली निळा ड्रम. तिनं खुर्ची पुसून दिली आणि चहा केला. चहा स्टीलच्या कपात, खाली बशी. तो कप हातात घेताना मला आमच्या घरचा चहा आठवला. आमच्याकडे आता शिवताशिवत काही राहिली नाही, असं मी चारचौघांत ठासून सांगतो. ती आमच्या ओट्यावर आली की तिला चहा कागदी कपात जातो. 'तिला घाई असते' म्हणून. गडबडीत आमदारांच्या ड्रायव्हरलासुद्धा आम्ही कधी कागदी कप दिलेला नाही.

"कशापायी आला, गुरुजी?" ती म्हणाली.

मी वाटेत ठरवून आलो होतो. "मावशी, त्या दिवशी तुम्हाला बोलायचं होतं आणि मी..."

ती एकदम हसली. तोंडाला पदर लावून, पण खळखळून. "मावशी? आन् तुम्ही? आवं, हितं कोन ऐकतंय? ह्ये मायकावर म्हनायचं हुतं."

माझा चेहरा उतरला असणार, कारण तिनं लगेच बिस्किटं पुढं केली. मी विचारलं, काय सांगायचं होतं तुम्हाला?

"काय न्हाई. यवढंच, की बाईला वाचता येत हुतं."

मला आधी समजलंच नाही. कुठल्या बाईला, असं मी विचारलं.

"तुमच्या आईला," ती म्हणाली. "तुम्ही मायकावर म्हनला निरक्षर हुती. न्हवती निरक्षर. चांगलं वाचायची. मी शिकिवलं."

मग तिनं सांगितलं. आई ग्रामपंचायतीवर निवडून आली तेव्हाची गोष्ट. निवडून आली म्हणजे वडिलांनी फॉर्म भरला आणि वडीलच सभेला जायचे. कागद घरी यायचे, वडील म्हणायचे, "लाव अंगठा," आई लावायची. एक दिवस खुरपता खुरपता आई हिला म्हणाली, मी कशावर अंगठा लावती ते मला कळाया पायजे. ही माहेरी, नदीपलीकडं शिरूर तालुक्यात, सातवीपर्यंत शिकलेली. दुपारी भाकरी खाऊन झाली की बांधावरच्या बाभळीखाली दोघींची शाळा भरायची. खुरप्याच्या टोकानं मातीत अक्षरं काढायची आणि हातानं पुसायची. पुस्तक माझं होतं, माझं पहिलीचं. ते रद्दीत गेलं असं आईनं मला सांगितलं होतं. ते शेतातल्या खोपीत, खताच्या गोणीखाली होतं.

"जोडाक्षराला लई वैतागायची," ती म्हणाली. "म्हनायची, ह्यास्नी एकमेकाच्या उरावर कुनी बशिवलं? शेतात मी तिला आक्का म्हनायची, घरी आलं की बाई. ती मला बाई म्हनायची, शाळंतल्या बाईला म्हनत्यात तसं. दीड वरीस लागलं. पर शिकली."

आणि मग नळाची गोष्ट. ती मला माहीत होती, पण वेगळी. वस्तीवर नळाची लाइन यायची होती. आमच्या घरात असं सांगितलं जायचं, की ती माझ्या वडिलांनी आणली. ती म्हणाली, ती लाइन वस्तीवरून काढून आमच्या मळ्याकडं वळवायचा ठराव झाला होता. कागद घरी आला. वडील अंघोळीला गेले होते, तेवढ्यात आईनं चुलीपुढं बसून तो एकेक अक्षर लावून वाचला. वडील बाहेर आले तर आईच्या डाव्या अंगठ्याला चिंधी. विळा लागला म्हणाली. वडील म्हणाले, मग उजवा लाव. कागद घेऊन आलेला ग्रामसेवक म्हणाला, तसं चालत न्हाई आबा, डावाच लागतो. आईच्या अंगठ्यावाचून ठरावाला माणसं पुरत नव्हती. पंधरा दिवस ती चिंधी सुटली नाही. तोवर लाइनीचं काम वस्तीवर सुरू झालं होतं.

"विळा बिळा काय न्हवता लागला," ती म्हणाली. "तवा मी तुमच्या वट्यावरच हुती. चिंधी माझ्या लुगड्याची हुती."

दारातल्या नळाचं पाणी ड्रमात पडत होतं. मला त्या चिंधीची आठवण होती. मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो, आणि अंगठा बघू म्हणालो तर आईनं हात मागं घेतला होता.

मी विचारलं, मग वडील गेल्यावर तरी तिनं मला का सांगितलं नाही?

तिनं बिस्किटं बाजूला सारली. मग म्हणाली, "सांगनार हुती. तवर तुमाला बक्षीस मिळालं. तिथं तुम्ही भाषनात म्हनला, आई निरक्षर. लोकांनी टाळ्या वाजिवल्या. ती पुढंच बसल्याली. दुसऱ्या दिवशी शेतात मला म्हनली, आता कसं सांगू? पोराचं भाषान मोडंल."

मी खाली बघत होतो. तिला थांबायचं नव्हतं, आणि बरोबरच होतं, महिनाभर ती थांबली होती. "आन् त्ये दोरं. एकदा तुम्ही उलटं बांधलं हुतं, गुरुजी. लाल तिकडं आन् काळा इकडं. पाकिटावर औशिदवाल्यानं मराठीत लिवलेलं असतं की, सकाळी एक, जेवणाआधी एक. तिनं वाचलं, दोरं सोडलं आन् नीट बांधलं. मला म्हनली, त्याला नगं सांगू, त्यो कवतिकानं बांधतोय."

दहा वर्षं मी तिला दोरे बांधून देत होतो आणि ती वाचून गोळ्या घेत होती. मला यवतच्या स्टँडवरची एक दुपार आठवली. मी चुकीच्या एसटीत चढत होतो आणि आईनं माझी बाही ओढून सांगितलं होतं, ही न्हाई, मागची. मला वाटलं होतं तिनं ड्रायव्हर ओळखला.

"ती जित्ती असताना गप ऱ्हायली, त्ये तिचं," ती म्हणाली. "पर मी का गप ऱ्हाऊ? तुम्ही शाळंत शेकड्यानं पोरं शिकिवली. मी एकच शिकिवली."

मी तिथंच शब्द दिला. वर्षश्राद्धाला मी स्वतः माईकवर सांगतो, सगळं सांगतो. मी म्हणालो, तुम्हीच बोला, मी माईक देतो तुमच्या हातात. ती नको म्हणाली. "मी बोलले तर लोक म्हनतील, काय बी सांगती. तुम्हीच सांगा, तुमचं खरं मानत्यात. समदं सांगनार?"

"सगळं," मी म्हणालो.

"बघा," ती म्हणाली.

वर्षश्राद्ध घरापुढच्या अंगणात केलं. मांडव लहान, माणसं घाटाच्या निम्मीही नसतील, पण पहिली रांग तीच होती. भावकी, सासुरवाडी, सोसायटीचे चेअरमन. ती नवं पातळ नेसून आली होती. मागच्या रांगेत बसली, पण आज खुर्ची मधोमध घेतली होती. मुलालाही सुट्टी काढायला लावली होती. तो हात बांधून तिच्या शेजारी बसला होता.

कीर्तनकार महाराज यायचे होते. मी माईक घेतला आणि म्हणालो, "मागच्या वर्षी घाटावर मी तुम्हाला एक खोटं सांगितलं. माझी आई निरक्षर नव्हती."

मी अंगठ्याच्या चिंधीची गोष्ट सांगितली. लोक खदखदून हसले, म्हाताऱ्यांनी मांड्यांवर हात मारले. तो ठराव कशाचा होता आणि कुणी केला होता, ते मी सांगितलं नाही. 'एका चुकीच्या कागदावर' एवढंच म्हणालो. मग उलट्या दोऱ्यांची गोष्ट सांगितली. बायका रडल्या आणि हसल्याही. खरं सांगतो, जुन्या भाषणापेक्षा हे भाषण कितीतरी रंगलं. ते मला बोलताना कळत होतं, आणि कळत होतं म्हणून मी ते आणखी रंगवत होतो. मागच्या रांगेत ती सरळ बसली होती, हात मांडीवर ठेवून, आपलं नाव पुकारायची वाट बघणारी शाळेतली मुलगी बसते तशी.

आता एकच वाक्य राहिलं होतं. आईला कुणी शिकवलं. मी थांबलो. शब्द मला पाठ होता, वर्षभर पाठ केला होता. समोर माझे थोरले चुलते काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

तेवढ्यात चेअरमन बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाले, "म्हंजी गुरुजी, आईला बी तुम्हीच शिकिवलं म्हना की!"

सगळा मांडव हसला आणि टाळ्या पडल्या.

नाही म्हणायला किती वेळ लागतो? माईक माझ्या हातात होता. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला आणि टाळ्या वाढल्या.

मान वर केली तेव्हा ती उठली होती. मुलानं तिची पिशवी घेतली. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं ती सावकाश, कुणाकडं न बघता, फाटकाकडं निघाली. तिला हाक मारायची तर काय म्हणून मारायची, हे आता मला चांगलं माहीत होतं. महाराजांचा फोन आला होता, गाडी यवतलाच अडकली होती, यायला अजून अर्धा तास लागणार होता. मी माईक तोंडाजवळ नेला आणि सांगितलं, सर्वांना विनंती आहे, वाहनं रस्त्यात लावू नयेत.